एका सतरा अंकी संख्येचे गुणवर्णन

सर्वसामान्य नागरिकाचा मोठ्या संख्यांशी जो संबंध येतो तो बहुधा नाइलाजाने येतो. बँकेतील खाते क्रमांक, वीजबिलावरील ग्राहक क्रमांक आणि आधार क्रमांक या संख्या त्याला जन्मभर बाळगाव्या लागतात आणि दिसेल त्या अर्जावर उतरवून द्याव्या लागतात. मात्र त्यांना कशाने भाग जातो, त्यांच्या अंकांची बेरीज किती होते किंवा त्या कोणाचा वर्ग आहेत काय, अशी आपुलकीची चौकशी तो सहसा करत नाही. गणितात मात्र संख्यांची नेमकी हीच चौकशी होते आणि ती करणाऱ्यांना त्याबद्दल क्वचित पगारही मिळतो. प्रस्तुत लेखात जिची चौकशी करावयाची आहे ती संख्या १२३४५६७८९८७६५४३२१ ही होय. ती १७ अंकी आहे, कोणाच्याही नावावर नाही आणि तिच्यावर थकबाकीही नाही. त्यामुळे तिच्या गुणांचा विचार निर्वेधपणे करता येतो.

पहिला प्रश्न ती वाचावी कशी हा आहे. प्रचलित मराठीत ती ‘एक कोटी तेवीस लाख पंचेचाळीस हजार सहाशे अठ्ठ्याहत्तर अब्ज, अठ्ठ्याण्णव कोटी शहात्तर लाख चोपन्न हजार तीनशे एकवीस’ अशी वाचता येते, पण हे एका दमात म्हणणाऱ्याला पुढे तिचे गुण ऐकण्याचे त्राण उरेलच असे नाही. अर्थसंकल्पाच्या बातम्यांतून रूढ झालेल्या ‘लाख कोटी’ या मापाने ती सुमारे १२ हजार ३४५ लाख कोटी भरते आणि या मापाला सरावलेला वाचक वरचे ६७ हजार ८९८ कोटी ‘सुमारे’ या एका शब्दात विनातक्रार मुरू देतो. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास लिहिलेल्या ‘लीलावती’त दहापटीच्या प्रत्येक पायरीला वेगळे नाव असून ही १८ स्थानांची यादी परार्धापर्यंत जाते. त्या नावांनी ही संख्या १ मध्य, २ अंत्य, ३ जलधी, ४ शंकू, ५ महापद्म, ६ निखर्व, ७ खर्व, ८ अब्ज, ९ अर्बुद, ८ कोटी, ७ प्रयुत, ६ लक्ष, ५ अयुत, ४ सहस्र, ३ शत, २ दश आणि १ अशी वाचली जाते. म्हणजे आजच्या वाचनापेक्षा ते पुष्कळच सुटसुटीत पडते, अट एवढीच की ऐकणाऱ्यालाही ती नावे पाठ हवीत. दर सेकंदाला एक या वेगाने १ पासून येथवर मोजत यावयाचे म्हटले आणि जेवण, झोप व सणवार यांसाठी सुट्टी घेतली नाही, तर सुमारे ३९ कोटी वर्षे लागतात. हा हिशेब तिचा आकार ध्यानात यावा एवढ्याचसाठी दिला आहे. कोणी तो करून पाहावा अशी शिफारस येथे नाही.

कोणत्याही संख्येचे गुण दोन प्रकारचे असतात आणि हा भेद न पाळल्यामुळे पुष्कळ गैरसमज होतात. पहिल्या प्रकारचे गुण संख्येच्या अंगचे असतात, म्हणजे ती देवनागरीत लिहिली, रोमन अक्षरांत लिहिली किंवा अंगणात तेवढे खडे मांडून दाखवली तरी ते बदलत नाहीत. दुसऱ्या प्रकारचे गुण तिच्या पोशाखाचे असतात, म्हणजे ती दशमान पद्धतीने लिहिताना जे अंक तिच्या वाट्याला आले त्या अंकांचे असतात. दशमान पद्धत म्हणजे जिच्यात उजवीकडून डावीकडे जाताना प्रत्येक स्थानाची किंमत दहापट होत जाते ती पद्धत, आणि ती इतकी रूढ होण्याचे कारण माणसाच्या दोन हातांना मिळून दहा बोटे आहेत हे मानले जाते. १२ खड्यांचे तीन-तीनचे चार सारखे ढीग होतात हा १२ च्या अंगचा गुण आहे. १२ लिहिताना १ च्या पुढे लगेच २ येतो हा निव्वळ पोशाखी गुण आहे. छत्तीसचा आकडा तर त्याहूनही वरवरचा, कारण तो केवळ दशमानावर नव्हे तर देवनागरी ३ आणि ६ यांनी एकमेकांकडे पाठ फिरवण्यावर अवलंबून आहे. रोमन लिपीत भांडणाऱ्या भाऊबंदांना त्याचा काहीही उपयोग होत नाही.

अंगचे गुण प्रथम पाहिले पाहिजेत, कारण ते थोडे आहेत आणि ऐकताना कोणाला झोप लागली तरी ती याच टप्प्यावर लागलेली बरी. ही संख्या विषम आहे. ती पूर्ण वर्ग आहे, म्हणजे एका पूर्ण संख्येला त्याच संख्येने गुणून ती मिळते, आणि ती संख्या म्हणजे नऊ वेळा १ लिहून होणारी १११११११११ ही होय. जिला १ आणि ती स्वतः यांखेरीज दुसरे कोणी नि:शेष भागू शकत नाही अशा संख्येला मूळ संख्या म्हणतात. प्रस्तुत संख्येचे मूळ अवयव पाडले तर ३ चार वेळा, ३७ दोन वेळा आणि ३३३६६७ दोन वेळा मिळतात. यांतील ३३३६६७ ही मूळ संख्या दिसायला अगदीच अनोळखी असली तरी तिला ३ ने गुणताच १००१००१ येतात, ३७ ला ३ ने गुणताच १११ येतात आणि या दोन उत्तरांचा गुणाकार केला की नऊ एकांची रांग उभी राहते. या संख्येला एकूण ४५ विभाजक आहेत. विभाजक सामान्यतः जोडीने येतात, कारण एकाने भागले की उत्तर म्हणून त्याचा जोडीदार मिळतोच. परंतु वर्ग संख्येत वर्गमूळाला जोडीदार म्हणून तेच स्वतः मिळते, त्यामुळे येथे २२ जोड्या लागतात आणि १११११११११ एकटे राहते. विभाजकांची संख्या विषम असणे हे पूर्ण वर्गाचे अचूक लक्षण आहे आणि ते दहाऐवजी सात बोटांच्या प्राण्यालाही मान्य करावे लागेल. या सर्व गुणांना गणितात प्रतिष्ठा आहे. ते ऐकून ‘पुन्हा एकदा सांगा’ असे मात्र कोणी म्हणत नाही.

लोकांचे प्रेम असते ते पोशाखी गुणांवर. वाहनाला पसंतीचा क्रमांक मिळावा म्हणून परिवहन कार्यालयात जे जादा शुल्क आनंदाने भरले जाते ते ०००१ किंवा ९९९९ यांसाठी भरले जाते. १००९ ही मूळ संख्या आहे म्हणून तिच्यासाठी चढाओढ झाल्याचे ऐकिवात नाही. ४१४१ हा क्रमांक वळणदार लिहिला की पाटीवर ‘दादा’ उमटतो आणि २१४ चा ‘राम’ होतो, एवढ्यावर या क्रमांकांचे मोल ठरते. ४१४१ ला ४१ ने नि:शेष भाग जातो आणि भागाकार १०१ येतो, ही त्यांच्यातील खरोखरची एकी दादांच्या गावीही नसते. १२ डिसेंबर २०१२ या तारखेचेही अनेकांना असेच अप्रूप वाटले. तीत १२ हे अंक तीन वेळा येतात हे खरे. पण भारतीय राष्ट्रीय दिनदर्शिकेत तो दिवस २१ अग्रहायण १९३४ हा होता आणि त्या तारखेत डोळ्यांत भरण्याजोगे काहीही नव्हते. दिवस तोच, सूर्य तोच, पोशाख तेवढा वेगळा.

या लोकप्रिय कसोटीवर प्रस्तुत संख्या पैकीच्या पैकी गुण मिळवते. तिचे अंक १ पासून क्रमाने ९ पर्यंत चढतात आणि कोठेही न अडखळता पुन्हा १ वर उतरतात. त्यामुळे ती डावीकडून वाचली काय किंवा उजवीकडून वाचली काय, एकच राहते. अशा उलटसुलट सारख्या संख्येला पॅलिंड्रोम म्हणतात. मधला ९ बाजूला ठेवला तर डाव्या अंगाला १ ते ८ आणि उजव्या अंगाला ८ ते १ हे अंक उरतात, आणि दोन्हीकडच्या अंकांची बेरीज स्वतंत्रपणे ३६ होते. दोन्ही बाजूंना छत्तीसचा आकडा असूनही मधला नऊ टिकून राहतो ही गोष्ट सार्वजनिक जीवनात दुर्मिळ आहे, आणि तिचे कारणही पाहण्यासारखे आहे: १२३४५६७८ आणि ८७६५४३२१ या दोन अंगांची बेरीज केली तर ९९९९९९९९ येते, म्हणजे प्रत्येक स्थानावर दोन्ही पक्ष मिळून नेमके मधल्याइतकेच होतात, कमीही नाही आणि जास्तही नाही.

मधल्याशी जुळवून घेणाऱ्या या गुणाला नाव देण्याचे श्रेय एका मराठी शाळामास्तरांकडे जाते. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ मध्ये डहाणू येथे झाला, त्यांचे शालेय शिक्षण ठाण्यात आणि महाविद्यालयीन शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात झाले, १९२७ मध्ये त्यांना रँग्लर र. पु. परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले आणि १९३० ते १९६२ इतका काळ त्यांनी नाशिकजवळच्या देवळालीत शाळेत शिकवले. त्यांच्याजवळ पदव्युत्तर पदवी नव्हती, परंतु संख्यांनी ती कधी मागितली नाही. ज्या चार अंकी संख्येतील सर्व अंक सारखे नाहीत अशी कोणतीही संख्या घेऊन, तिचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करीत राहिल्यास जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येते, हा त्यांचा शोध १९४९ चा आहे. त्यावेळी देशातील अनेक गणितज्ञांनी या उद्योगाकडे करमणूक म्हणून पाहिले, आणि १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधील आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिल्यावर तीच करमणूक जगभर पोहोचली. विद्वत्तेला परदेशी टपालाचे तिकीट लागले की तिचे वजन वाढते, हा नियम दशमानावर अवलंबून नाही.

कापरेकरांना या जातीच्या संख्यांची कल्पना ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या ज्या स्थानकावर सुचली त्याचे नाव त्यांनी डेम्लो असे दिले आहे, आणि ते स्थानक म्हणजे आजची डोंबिवली. म्हणून या संख्या डेम्लो संख्या या नावाने ओळखल्या जातात. त्या काळी त्या फलाटावर उभे राहून विचार करता येत होता, ही गोष्ट आजच्या वाचकाला त्या संख्यांच्या सर्व गुणांपेक्षा अधिक अद्भुत वाटेल. डेम्लो संख्येचे तीन भाग असतात: डावा, उजवा आणि एकाच अंकाच्या पुनरावृत्तीने बनलेला मधला. डाव्या व उजव्या भागांची बेरीज केली की मधल्याच अंकाची पुनरावृत्ती मिळाली पाहिजे, एवढी एकच अट. १६५ मध्ये १ आणि ५ मिळून ६ होतात. २५५३ मध्ये २ आणि ३ मिळून ५ होतात आणि मध्ये दोन पाच बसलेले असतात. ४७७७३ मध्ये ४ आणि ३ मिळून ७ होतात आणि मध्ये तीन सात असतात. १, १२१, १२३२१, १२३४३२१ अशा क्रमाने वाढणाऱ्या आणि प्रस्तुत संख्येशी येऊन थांबणाऱ्या डेम्लो संख्यांना त्यांनी ‘वंडरफुल’ हे विशेषण लावले. शाळेतील शिक्षक सहसा आपल्या हाताखालच्यांना इतक्या सढळपणे शेरा देत नाहीत.

या संख्येला कापरेकरांचाच आणखी एक किताब मिळतो. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने नि:शेष भाग जातो तिला त्यांनी हर्षद, म्हणजे आनंद देणारी, असे नाव ठेवले. १ ते १० या सर्व संख्या अर्थातच हर्षद आहेत. ११ मध्ये अंकांची बेरीज २ आणि भाग जात नाही, त्यामुळे आनंदाचा पहिला खंड तेथेच पडतो. प्रस्तुत संख्येच्या अंकांची बेरीज दोन छत्तीस आणि एक नऊ मिळून ८१ होते, आणि ८१ ने तिला भागले असता १५२४१५७८९९७१०४१ असे उत्तर येऊन बाकी काहीही उरत नाही. हे उत्तर दिसायला अगदीच रूक्ष असले तरी ते १२३४५६७९ चा वर्ग आहे, आणि या आठ अंकी संख्येने आपल्यातील ८ गाळून टाकलेला आहे हे नीट पाहिल्यावरच लक्षात येते. तिला ९ ने गुणले की पुन्हा नऊ एक हजर होतात, त्यामुळे गाळलेल्या आठाबद्दल तिच्यावर कोणी कारवाई केलेली नाही. पाश्चात्त्य पुस्तकांत हर्षद संख्यांना गणितज्ञ इव्हान निवेन यांच्यावरून निवेन संख्या असेही म्हटले जाते. तेथे संख्यांकडून आनंदाची अपेक्षा केली जात नसावी.

एवढे कौतुक झाल्यावर हे सगळे घडते कसे हे पाहणे आवश्यक ठरते, आणि त्यासाठी प्राथमिक शाळेतील उभ्या गुणाकाराहून मोठे कोणतेही साधन लागत नाही. १११११११११ ला १११११११११ ने गुणताना नऊ ओळी लिहाव्या लागतात. गुणकाचा प्रत्येक अंक १ असल्यामुळे प्रत्येक ओळीत तेच नऊ एक उतरतात, फक्त प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा एक घर डावीकडे सरकलेली असते. त्यामुळे अगदी उजवीकडच्या स्तंभात पहिल्या ओळीचा एकच १ सापडतो, त्याच्या डावीकडच्या स्तंभात पहिल्या दोन ओळींचे दोन, त्याच्या पुढच्यात तीन, आणि असे करीत नवव्या स्तंभात सर्व नऊ ओळींचे नऊ एक एकाखाली एक येतात. दहाव्या स्तंभापर्यंत पहिली ओळ संपलेली असते म्हणून तेथे आठ एक मिळतात, पुढच्यात सात, आणि सतराव्या स्तंभात नवव्या ओळीचा शेवटचा १ एकटा उरतो. याचा अर्थ असा की या संख्येतील प्रत्येक अंक हा त्या-त्या स्तंभातील एकांची निव्वळ मोजदाद आहे. एकूण एक किती लिहिले, तर नऊ ओळींत नऊ-नऊ म्हणजे ८१. आणि अंकांची बेरीजही ८१ च येते, कारण एकही १ वाटेत गहाळ झालेला नाही. हिशेबात काहीही गहाळ न होण्याचा हा प्रकार कोणत्याही लेखापरीक्षकाने दोनदा तपासून पाहण्यासारखा आहे.

मग पायरी दहावी येते आणि हातचा उपस्थित होतो. हातचा म्हणजे एखाद्या स्तंभाची बेरीज ९ च्या वर गेल्यावर डावीकडच्या स्तंभाकडे ढकलला जाणारा अंक, आणि तो विसरल्याबद्दल महाराष्ट्रातील अनेक पिढ्यांनी मार खाल्लेला आहे. दहा एकांच्या संख्येचा वर्ग करताना मधल्या स्तंभात दहा एक जमतात. तेथे ० लिहून १ हातचा घ्यावा लागतो, तो शेजारच्या ९ मध्ये मिळवताच त्याचेही १० होतात, पुन्हा ० लिहून १ पुढे जातो आणि तो ८ मध्ये पडून त्याचा ९ होतो. परिणामी जी संख्या मिळते ती १२३४५६७९००९८७६५४३२१ अशी दिसते. उजवी बाजू आपल्या जागी शाबूत राहते. डावीकडे मात्र आठाला अनपेक्षित बढती मिळते, नवाचे शून्य होते आणि ज्याच्यामुळे हे घडले त्या दहाचेही शून्यच होते. उलटसुलट सारखेपणा संपतो आणि अंकांची बेरीजही १०० व्हायला हवी होती ती ८२ भरते, कारण प्रत्येक हातच्यामागे १० जाऊन १ येतो, म्हणजे ९ बुडतात, आणि हातचे दोन असल्यामुळे १८ बुडाले. संपूर्ण रचना निर्दोष असताना एक घटक मर्यादेबाहेर भरला की शेजाऱ्यांचे हिशेबही कसे बिघडतात, याचे इतके स्वच्छ उदाहरण नगरनियोजनाच्या पुस्तकांतही मिळणार नाही.

अंकांच्या रूपाची ही ओढ कापरेकरांपासून सुरू झाली असे मानण्याचे कारण नाही. राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष याच्या काळात, ८५० च्या सुमारास, महावीराचार्य या जैन गणितज्ञाने ‘गणितसारसंग्रह’ हा ग्रंथ लिहिला आणि त्यात काही गुणाकार असे निवडून दिले की ज्यांची उत्तरे गळ्यातल्या हारासारखी दोन्ही बाजूंनी सारखी दिसतात. २७९९४६८१ ला ४४१ ने गुणले असता १२३४५६५४३२१ येते हा त्यांपैकीच एक, आणि ही संख्या म्हणजे प्रस्तुत संख्येची सहा एकांपासून झालेली धाकटी बहीण होय. १११११११११ सारखी सरळ रांग न देता महावीराचार्यांनी असले ओबडधोबड गुणक योजले, कारण हार शेवटी अचानक दिसला तरच विद्यार्थ्याला श्रम सार्थकी लागल्यासारखे वाटतात. पाठ्यपुस्तकाने विद्यार्थ्याला चकित करावे ही कल्पना पुढील हजार वर्षांत काहीशी मागे पडली.

या सर्वांना विरोधी मत अर्थातच आहे आणि ते वजनदार आहे. केंब्रिजचे गणितज्ञ जी. एच. हार्डी यांनी १९४० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘अ मॅथेमॅटिशियन्स अपॉलॉजी’ या पुस्तकात ८७१२ ही २१७८ ची चौपट आणि ९८०१ ही १०८९ ची नऊपट, म्हणजे दोन्ही आपापल्या उलट्या रूपाच्या पटीत आहेत, हे उदाहरण देऊन असले नमुने वृत्तपत्रांतील कोड्यांना शोभतात, गणितज्ञाला त्यात आकर्षण वाटण्याजोगे काही नाही, असा निर्वाळा दिला. हेच हार्डी आजारी रामानुजनांना भेटायला ज्या टॅक्सीतून गेले तिचा क्रमांक १७२९ होता आणि तो त्यांना नीरस वाटला होता; दोन घनांची बेरीज म्हणून दोन निरनिराळ्या रीतींनी लिहिता येणारी ती सर्वांत लहान संख्या आहे, हे रामानुजनांनी त्यांना सांगितले. १ चा आणि १२ चा घन मिळवला काय किंवा ९ चा आणि १० चा मिळवला काय, उत्तर १७२९ च येते, आणि हा गुण निःसंशय अंगचा आहे. मात्र १७२९ च्या अंकांची बेरीज १९ होते, तिने १७२९ ला नि:शेष भाग जातो आणि भागाकार ९१ येतो, म्हणजे १९ च उलटे. त्या टॅक्सीत हार्डींच्या शेजारी कापरेकर बसले असते तर रुग्णालय येण्यापूर्वीच ती संख्या नीरस राहिली नसती, आणि हार्डी बहुधा चालत गेले असते.

पोशाखी गुणांची खरी परीक्षा यंत्रांनी घेतली. दुकानात वापरल्या जाणाऱ्या आठ अंकी गणकयंत्रात नऊ एकांना बसायलाच जागा नसते, त्यामुळे तेथे हा प्रश्न उद्भवत नाही. कचेऱ्यांतून सर्रास वापरल्या जाणाऱ्या एक्सेलमध्ये ही संख्या लिहिली तर पहिल्या फटक्यात ती १.२३४५७ई+१६ अशी दिसते, ज्या रूपात लांबलचक खाते क्रमांकांची यादी पाहून अनेक कारकुनांचा जीव वरखाली झालेला आहे. रकाना रुंद करून पूर्ण अंक मागवले तरी हा प्रोग्राम १५ महत्त्वाचे अंक जपतो आणि पुढे शून्ये भरतो, त्यामुळे पडद्यावर १२३४५६७८९८७६५४३०० उमटते. सतरा अंकांपैकी पंधरा बरोबर आले म्हणजे शाळेच्या हिशेबाने प्रथम श्रेणीच झाली. पण बिचारीचे चारित्र्य मात्र पार धुऊन निघते. ती आता विषम राहिलेली नाही, उलटसुलट सारखी राहिलेली नाही, पूर्ण वर्ग राहिलेली नाही, कारण शेवटची दोन शून्ये काढल्यावर ३ हा अंक उरतो आणि वर्ग संख्येच्या शेवटी ३ कधीच येत नाही. अंकांची बेरीज ७८ झाल्यामुळे हर्षदही राहिलेली नाही. ३ ने भाग जाण्याचा एक गुण तेवढा ओशाळून मागे राहतो. यात यंत्राचा दुष्टावा नाही. संगणकात संख्या साठवण्याची जी नेहमीची रीत आहे तिच्यात २ च्या ५३ व्या घातापर्यंतच्या, म्हणजे ९००७१९९२५४७४०९९२ पर्यंतच्या पूर्ण संख्या अचूक मावतात आणि त्यानंतर काही अंतरापर्यंत फक्त सम संख्यांनाच प्रवेश असतो. प्रस्तुत संख्या या सीमेच्या पलीकडे असल्यामुळे त्या रीतीने तिचे उत्तर १२३४५६७८९८७६५४३२० असे दिले जाते. कागद, पेन्सिल आणि नऊ ओळी एवढ्या भांडवलावर देवळालीचा शाळकरी मुलगा जे उत्तर अचूक काढेल त्यात असा एकाचा फरक पडतो, आणि तो फरक नेमका विषमतेवर पडतो.

येथपर्यंत आल्यावर पोशाखी गुण खोटे आणि अंगचे गुण खरे, असा निकाल देऊन मोकळे होण्याचा मोह होतो. परंतु हा निकाल घाईचा ठरेल. ही संख्या १० ऐवजी ९ च्या पटीने, म्हणजे नवमान पद्धतीने लिहिली तर तिच्या शेवटी १०० असे अंक येतात आणि ती एखाद्या ठोक रकमेसारखी दिसू लागते. २ च्या पटीने, द्विमान पद्धतीने लिहिली तर ती ५४ अंकी होते आणि तिच्यात शून्य व एक यांच्या गर्दीशिवाय काही दिसत नाही. शिखर कोठेही उरत नाही. पण त्या-त्या पद्धतीत आपापल्या एकांची रांग घेऊन तिचा वर्ग केला, तर तेथेही अंक १ पासून चढतात आणि तितक्याच शिस्तीने उतरतात, आणि हातचा येण्यापूर्वीचा शेवटचा अंक हा त्या पद्धतीतील सर्वांत मोठा अंक असतो. म्हणजे शिखर नवावर का आहे याचे उत्तर माणसाच्या बोटांत आहे. शिखर मुळात का आहे याचे उत्तर बोटांत नाही, ते गुणाकारात आहे. एरवी गुणाकाराची सगळी हाडे हातच्यांच्या खाली झाकलेली असतात. या एका संख्येत एकही हातचा नसल्यामुळे ती स्वच्छ मोजता येतात, आणि कापरेकरांसारख्यांना जी मौज वाटली ती याच उघडेपणाची होती, हे हार्डींच्या पुस्तकात नोंदलेले नाही.

माणसाला आठच बोटे असती आणि त्याने अष्टमान पद्धत स्वीकारली असती, तर सात एकांच्या रांगेचा वर्ग १२३४५६७६५४३२१ असा दिसला असता आणि हे सगळे कौतुक त्याच्या वाट्याला आले असते. डोंबिवलीच्या फलाटावर तोच सुचला असता, त्यालाच ‘वंडरफुल’ म्हटले गेले असते आणि त्या जोडणीचा वाहन क्रमांक मिळवण्यासाठी तिथल्या परिवहन कार्यालयात रांगा लागल्या असत्या. ती संख्या आजही अस्तित्वात आहे. तीही पूर्ण वर्ग आहे, तिच्याही विभाजकांत एक वर्गमूळ जोडीदाराविना उरतेच, आणि आपल्या दहा बोटांच्या जगात ती ८९७५५९६५६४९ अशी लिहिली जाते. तिच्यासाठी कोणीही एक रुपया जादा मोजणार नाही.